साप समजून भुई धोपटणारं शरीर: ॲलर्जीच्या लसीने दाह कसा शमतो?

परागकणांमुळे शिंका येतात म्हणून डॉक्टरांकडे जावं आणि त्यांनी परागकणांचाच अर्क टोचावा, हे ऐकून कुणीही बुचकळ्यात पडेल. त्यावर ‘काट्याने काटा काढायचा’ असं चटपटीत उत्तर मिळतं. ऐकायला बरं वाटतं, पण ते चूक आहे. या उपचारात काटा निघत नाही. काटा जिथल्या तिथे राहतो, तो टोचल्यावर शरीर जो थयथयाट करतं तो थांबतो.

हा थयथयाट कसा थांबतो, याचं उत्तर गेल्या तीसेक वर्षांत हळूहळू हाती आलं. २०२५ सालचं वैद्यकशास्त्राचं नोबेल मेरी ब्रंकॉव, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमॉन साकागुची यांना मिळालं, ते प्रतिकार यंत्रणेला आवर घालणाऱ्या पेशींवरच्या शोधांसाठी. या पेशींचा संबंध कॅन्सरशी आहे, संधिवाताशी आहे, आणि साध्या शिंकांशीही आहे.

उपचाराचं नाव ॲलर्जन इम्युनोथेरपी. बोलीभाषेत ‘ॲलर्जीची लस’. ज्या पदार्थाने ॲलर्जी होते तो ॲलर्जन: परागकण, धुळीतले डोळ्यांना न दिसणारे किडे, मांजराच्या अंगावरचा कोंडा, मधमाशीचं विष. तो अगदी थोड्या मात्रेपासून सुरू करून वाढवत न्यायचा, दंडावर त्वचेखाली टोचून किंवा जिभेखाली गोळी अथवा थेंब ठेवून. मग ठरलेल्या मात्रेवर थांबायचं आणि ती काही वर्षं, सहसा किमान तीन, चालू ठेवायची. बाहेरून दिसतं ते एवढंच.

## दाह हा शत्रू नव्हे

शरीराच्या एखाद्या भागात संरक्षणाची फौज उतरली की तिथे जी धांदल उडते तिला दाह म्हणतात. रक्तवाहिन्या रुंदावतात म्हणून लाली येते, त्यांच्यातून पाणी झिरपतं म्हणून सूज येते, नसा चाळवल्या जातात म्हणून खाज किंवा ठणका लागतो. बोटात काच घुसली तर हे सगळं हवंच. दाह झालाच नाही तर जखम भरणार नाही आणि जंतूंना रान मोकळं मिळेल.

ॲलर्जीत फौज तीच असते आणि हत्यारंही तीच असतात. समोर शत्रू मात्र नसतो. परागकण कुणाचं काही बिघडवत नाही. साप समजून भुई धोपटावी तसा हा प्रकार, आणि धोपटली जाणारी भुई म्हणजे आपलंच नाक, आपलेच डोळे, आपलीच श्वासनलिका.

हे धोपटणं दोन टप्प्यांत होतं, आणि उपचार समजून घ्यायला तेवढं लक्षात ठेवायलाच हवं. पहिला टप्पा काही मिनिटांतला. नाकाच्या आतल्या नाजूक अस्तरात मास्ट पेशी नावाच्या पेशी ठाण मांडून असतात. त्यांच्या पोटात हिस्टामिन नावाचं रसायन भरलेलं असतं. त्या फुटल्यासारख्या रित्या होतात आणि शिंका, खाज, पाणी सुरू होतं. दुसरा टप्पा चार-सहा तासांनी येतो आणि बराच रेंगाळतो. मास्ट पेशींनी सोडलेल्या रसायनांच्या मागावर दुसऱ्या पेशी, विशेषतः इओसिनोफिल, रक्तातून तिथे येऊन जमतात. सकाळी बागेत फिरून आल्यावर लगेच आलेल्या शिंका पहिल्या टप्प्यातल्या. रात्री उशीवर डोकं टेकल्यावर चोंदलेलं नाक दुसऱ्या टप्प्यातलं. तोवर बाग विस्मरणात गेलेली असते, म्हणून या दोन गोष्टींचा संबंध अनेकांच्या लक्षातच येत नाही.

यातून पुढचा घोळ होतो. रोज परागकण येत राहिले की अस्तरातली ही गर्दी पांगतच नाही. मोसमाच्या सुरुवातीला शंभर कणांनी शिंक येत असेल, तर काही दिवसांनी दहा कण पुरतात. परागकण वाढलेले नसतात, पण नाक आधीच तापलेलं असतं.

## साप पाहिला कुणी?

ही चुकीची खबर कुठून सुरू होते? अस्तरात काही टेहळणी करणाऱ्या पेशी असतात. त्या बाहेरून आलेल्या पदार्थाचा तुकडा उचलून टी पेशींना दाखवतात. टी पेशी म्हणजे निर्णय घेणाऱ्या पेशी. ॲलर्जी जडणाऱ्या माणसात इथे ‘हा परजीवी जंतासारखा काहीतरी आहे’ असा निर्णय होतो. या बाजूला झुकलेल्या टी पेशी मग बी पेशींना आयजीई नावाचे प्रतिपिंड बनवायला लावतात. प्रतिपिंड म्हणजे एकाच विशिष्ट पदार्थाला ओळखून पकडणारं प्रथिन.

आयजीई रक्तातून फिरतं, हे दाखवणारा प्रयोग १९२१ सालचा आहे आणि आज कुठलीही नैतिकता समिती त्याला परवानगी देणार नाही. हाइन्झ क्युस्टनर यांना माशांची ॲलर्जी होती. त्यांच्या रक्तातला द्रव त्यांचे सहकारी कार्ल प्राउस्निट्झ यांनी स्वतःच्या त्वचेत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. प्राउस्निट्झना माशांची ॲलर्जी नव्हती, तरी तेवढ्याच जागी गांधी उठली. रक्तातली ही ‘करणी’ नेमकी कोणत्या रेणूची, हे कळायला १९६० च्या दशकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.

आयजीई रक्तात फार टिकत नाही, दोन-तीन दिवसांत निम्मं होतं. मास्ट पेशीवर जाऊन बसलं की मात्र आठवडेच्या आठवडे तिथे राहतं. बँकेतला लॉकर उघडायला दोन किल्ल्या लागतात, एक बँकेची आणि एक आपली. मास्ट पेशीचंही थोडं तसंच आहे. एका आयजीईला परागकणाचं प्रथिन चिकटून भागत नाही, शेजारच्या दोन आयजीईंना तेच प्रथिन एकदम चिकटलं तरच पेशी उघडते. हे दोन किल्ल्यांचं गणित पुढे कामाला येणार आहे.

## चुकीच्या समजुतीतून सापडलेला बरोबर उपचार

१९११ साली लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात लिओनार्ड नून यांनी परागज्वराच्या, म्हणजे परागकणांनी नाक-डोळ्यांना होणाऱ्या ॲलर्जीच्या, रुग्णांना गवताच्या परागकणांचा अर्क टोचायला सुरुवात केली. फरक पडतो की नाही हे मोजायची त्यांची युक्ती साधी होती: अर्काचा थेंब रुग्णाच्या डोळ्यात टाकायचा आणि किती तीव्र अर्काने डोळा लाल होतो ते पाहायचं. उपचारानंतर पूर्वीपेक्षा कितीतरी तीव्र थेंब डोळ्याला सोसू लागला.

नून यांची समजूत अशी होती की परागकणांतून विष सुटतं आणि इंजेक्शनमुळे शरीर त्यावर उतारा तयार करतं. परागकणांत असं विष नसतं. म्हणजे सिद्धान्त साफ चुकला, पण उपचार लागू पडला. नून दोनच वर्षांत क्षयाने गेले आणि त्यांचे सहकारी जॉन फ्रीमन यांनी काम पुढे नेलं.

पुढची अनेक दशकं हा उपचार निम्मा अनुभवावर आणि निम्मा श्रद्धेवर चालला. त्याचा तोटा कळला तो १९७८ मध्ये. कीटकदंशाची ॲलर्जी असलेल्यांना तोपर्यंत अख्खे कीटक कुटून केलेला अर्क टोचला जाई. त्या वर्षी अमेरिकेत तीन गट करून तुलना झाली: शुद्ध विष, अख्ख्या कीटकाचा अर्क आणि नुसतं पाण्यासारखं बिनऔषधी इंजेक्शन. शुद्ध विष घेतलेल्यांना पुन्हा दंश झाला तेव्हा जवळपास सगळ्यांचं रक्षण झालं. अख्ख्या कीटकाचा अर्क बिनऔषधी इंजेक्शनइतकाच कुचकामी निघाला. तोवर वर्षानुवर्षं लोक तो विश्वासाने टोचून घेत होते.

## टोचल्यावर आत काय बदलतं

मधमाश्या पाळणाऱ्यांकडे आधी पाहू, कारण त्यांच्यावर हा उपचार निसर्गच करत असतो. ज्यांना मोसमात वारंवार डंख बसतात त्यांच्यातले बरेच जण पुढे डंख फारसा मनावर घेत नाहीत. संशोधकांनी अशा लोकांच्या टी पेशी तपासल्या. मोसमातले पहिले काही डंख बसल्यावर थोड्याच दिवसांत विषाला ओळखणाऱ्या टी पेशींचा नूर पालटला होता. चिथावणी देणाऱ्या पेशींऐवजी आवर घालणाऱ्या पेशी पुढे आल्या होत्या, आणि त्या इंटरल्युकिन-१० नावाचं शमवणारं रसायन सोडत होत्या.

या आवर घालणाऱ्या पेशींना नियामक टी पेशी म्हणतात. नोबेल मिळालं ते यांच्यावरच्या कामाला. साकागुचींनी १९९५ मध्ये त्या दाखवून दिल्या. ब्रंकॉव आणि रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये त्यांच्यामागचा जनुक शोधला. तो जनुक बिघडलेला घेऊन जी मुलं जन्मतात त्यांच्यात प्रतिकार यंत्रणा स्वतःच्याच शरीरावर तुटून पडते. ॲलर्जीच्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट अशी की या मुलांच्या रक्तात आयजीई भरमसाट असतं आणि त्यांना तीव्र इसबही होतं. आवर घालणारं घरात कुणी नसलं की काय होतं, याचा हा दुर्दैवी पुरावा.

इम्युनोथेरपीत याच पेशींना कामाला लावलं जातं. नाकातून रोज चिमूटभर परागकण येतात तेव्हा चुकीची खबर पक्की होत जाते. तेच प्रथिन मोठ्या मात्रेत, त्वचेखालून किंवा जिभेखालून, ठरावीक अंतराने येत राहिलं की टी पेशींचा निर्णय बदलू लागतो. वस्तू तीच असली तरी येण्याची वाट आणि वेळ वेगळी, म्हणून अर्थही वेगळा लागतो.

पुढचे बदल एकदम होत नाहीत. विषाच्या उपचारात मात्रा झपाट्याने वाढवली तर पहिल्या काही तासां-दिवसांतच मास्ट पेशी आणि त्यांच्या रक्तातल्या भावंडांचा तापटपणा थोडा उतरतो. परागकणांच्या उपचारात दोन ते चार आठवड्यांत इंटरल्युकिन-१० वाढलेलं दिसतं. गंमत अशी की त्या सुमारास त्वचेवरच्या चाचणीत कमी होतो तो उशिराचा दाह, म्हणजे दुसरा टप्पा. लगेच उठणारी गांधी तशीच राहते. तिला उतरायला आणखी काही आठवडे लागतात, कारण ती ज्याच्यामुळे उतरते ते प्रतिपिंड अजून तयार व्हायचं असतं.

त्याचं नाव आयजीजी-४. नियामक पेशींच्या प्रभावाखाली बी पेशी हे बनवू लागतात. ते परागकणाच्या प्रथिनाला वाटेतच गाठून त्यावर झाकण घालतं. लॉकर आठवा: किल्लीचे दातेच झाकले गेले तर ती कुलपात बसणार कशी? आयजीई मास्ट पेशीवर बसून राहतं, पण दोन आयजीईंना एकदम कवेत घेणारं मोकळं प्रथिन त्यांच्यापर्यंत पोचत नाही. शिवाय आयजीजी-४ स्वतः दाह भडकवत नाही, हा त्याचा मोठा गुण.

असं काहीतरी ‘अडवणारं’ रक्तात असणार हा अंदाज नवा नाही. रॉबर्ट कुक यांनी १९३५ मध्येच उपचार घेतलेल्यांच्या रक्तद्रवात ॲलर्जीला अडवणारा गुण दाखवला होता. तेव्हा फक्त त्याला नाव नव्हतं.

महिने लोटतात तसं अस्तरातलं चित्र बदलतं. इओसिनोफिल कमी जमतात आणि त्यांना बोलावणारी रसायनं घटतात. आधी दहा कणांनी भडकणारं नाक पुन्हा शंभर कण सोसू लागतं. माझ्या मते या उपचाराचं खरं यश इथे मोजायला हवं. शिंका मोजून ते कळत नाही. रेंगाळणारा दाह ओसरला की बाकीचं आपोआप सुधारतं.

## मग गोळी आणि स्प्रे काय वाईट?

काहीच वाईट नाही. अँटीहिस्टामिन गोळी हिस्टामिनची बसायची जागा अडवते. त्यामुळे खाज आणि शिंका लवकर थांबतात, पण उशिरा जमणाऱ्या गर्दीवर तिचा फारसा जोर चालत नाही. स्टिरॉइडचा स्प्रे त्या गर्दीलाही पांगवतो, म्हणून चोंदलेल्या नाकावर तो सरस ठरतो. अनेकांचं यावर उत्तम भागतं आणि त्यांनी इम्युनोथेरपीच्या मागे लागायची गरज नाही. पण ही औषधं चुकीची खबर बदलत नाहीत. ती थांबवली की थोड्याच दिवसांत नाकाचा त्रास पुन्हा सुरू होतो.

## याने प्रतिकारशक्ती दुबळी होते का?

‘दाह दाबला म्हणजे शरीर उघडं पडलं’ ही शंका रास्त आहे. तोंडाने दीर्घकाळ घेतलेल्या स्टिरॉइडबाबत ती खरीही आहे, कारण ते सरसकट सगळ्यांचा आवाज दाबतं. इम्युनोथेरपीत तयार होणाऱ्या नियामक पेशी ज्या प्रथिनाने घडवल्या त्यालाच ओळखतात. गवताच्या परागकणांवर शिकलेल्या पेशी फ्लूच्या विषाणूच्या वाटेत येत नाहीत.

## ही होमिओपॅथीच का?

नाही. ‘समानाने समान’ हे ऐकून साम्य वाटतं, पण दिशा उलटी आहे. होमिओपॅथीत पदार्थ विरळ करत नेतात, इथे मात्रा वाढवत नेतात. इंजेक्शनच्या ठरलेल्या मात्रेत मुख्य ॲलर्जन साधारण ५ ते २० मायक्रोग्रॅम असतं, आणि ते प्रयोगशाळेत मोजता येतं. मात्रा फार कमी ठेवली तर उपचाराचा उपयोग होत नाही, हेही चाचण्यांतून दिसलं आहे.

## रिपोर्ट अजून पॉझिटिव्हच कसा?

वर्षभर उपचार घेऊन, बरं वाटत असताना कुणी हौसेने रक्ततपासणी करतं आणि आयजीई जिथल्या तिथे, किंवा चक्क वाढलेलं पाहून हबकतं. वर सांगितलेली यंत्रणा माहीत असेल तर यात नवल नाही. उपचाराच्या सुरुवातीला आयजीई थोडं वाढतंच, आणि मग काही वर्षांत सावकाश उतरतं. तोपर्यंत आराम मिळतो तो आयजीजी-४ च्या झाकणामुळे आणि बदललेल्या टी पेशींमुळे. म्हणून उपचार लागू पडला की नाही हे त्रास किती कमी झाला आणि औषधं किती सुटली यावरून ठरवतात.

त्यात आणखी एक मेख आहे. उपचार थांबवल्यावर आयजीजी-४ ची पातळी बरीच खाली येते, पण उरलेल्याची अडवण्याची ताकद टिकून राहते. म्हणजे नुसता आकडा पाहून काही कळत नाही.

## तीन वर्षं कशाला? वर्षभरात थांबलं तर?

मधमाश्या पाळणाऱ्यांच्या टी पेशींचा बदललेला नूर मोसम संपल्यावर दोन-तीन महिन्यांत मूळपदावर आला होता. यंत्रणेला वळण लावायला दिवस पुरतात, पण ते अंगवळणी पडायला वर्षं लागतात. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश चाचणीत गवताच्या परागकणांची इंजेक्शनं तीन-चार वर्षं घेतलेल्यांना ती थांबवल्यावरही पुढची तीन वर्षं फायदा मिळत राहिला. २०१७ मध्ये लंडनमधल्याच संशोधकांनी दोन वर्षांचा उपचार तपासला. उपचार चालू असताना फायदा दिसला, पण थांबवल्यावर वर्षभराने खोटा उपचार घेतलेल्यांत आणि यांच्यात फरक उरला नव्हता. ‘बरं वाटतंय’ म्हणून मध्येच सोडणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं.

परागज्वर असलेल्या मुलांना तीन वर्षं इंजेक्शनं दिली तर त्यांच्यात पुढे दमा कमी जडतो, असं युरोपातल्या एका दीर्घ अभ्यासात दिसलं. दहा वर्षांनंतरही तो फरक टिकून होता. नाक आणि फुप्फुसं एकाच वाटेवरची घरं आहेत. एका घरातला दाह आटोक्यात आला तर शेजारच्यालाही झळ कमी पोचते.

## धोका किती?

ज्याची ॲलर्जी आहे तेच टोचायचं म्हटल्यावर धोका असणारच, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. ब्रिटनमध्ये १९८६ साली औषध सुरक्षा समितीने, तीसेक वर्षांत झालेल्या २६ मृत्यूंचा दाखला देत, या इंजेक्शनांवर कडक बंधनं घातली. दम्याच्या रुग्णांना धोका अधिक असल्याचं त्यातून दिसलं. आज दमा आटोक्यात नसेल तर इंजेक्शन देत नाहीत, आणि टोचल्यावर किमान अर्धा तास दवाखान्यातच थांबवून ठेवतात. सर्वांगावर गांधी, घशात आवळल्यासारखं वाटणं, रक्तदाब कोसळणं असं काही झालं तर ॲड्रेनलिनचं इंजेक्शन हाताशी हवं. तो अर्धा तास घड्याळाकडे बघत टाळायचा नसतो. जिभेखालच्या गोळीला हा धोका बराच कमी, म्हणून पहिली गोळी डॉक्टरांसमोर आणि बाकीच्या घरी. तोंडात खाज आणि ओठ-जिभेला थोडी सूज मात्र बऱ्याच जणांना सुरुवातीला सोसावी लागते.

## सगळ्या ॲलर्जींना चालतं?

नाही. सगळ्यात भक्कम यश विषाच्या ॲलर्जीत मिळतं: मधमाशीबाबत साधारण ७७ ते ८४ टक्के आणि गांधीलमाशीबाबत ९१ ते ९६ टक्के रुग्णांचं पुढच्या दंशापासून रक्षण होतं. परागकण आणि धुळीतले किडे यांच्याबाबत बहुतेकांना आराम पडतो, पण पूर्ण सुटका थोड्यांचीच होते.

अन्नाच्या ॲलर्जीचं दुखणं वेगळं आहे. शेंगदाण्याच्या ॲलर्जीवर तोंडाने घ्यायची भुकटी अमेरिकेत २०२० मध्ये मंजूर झाली. तिच्या मुख्य चाचणीत भुकटी घेतलेल्या मुलांपैकी ६७ टक्के मुलं शेवटी ६०० मिलिग्रॅम प्रथिन, म्हणजे जेमतेम दोन दाणे, सोसू शकली. बिनऔषधी भुकटी घेतलेल्यांत हे प्रमाण ४ टक्के होतं. चुकून पोटात गेलेल्या दाण्याने जीव जाऊ नये, एवढंच त्यातून साधायचं असतं. भुकटी रोज चालू ठेवावी लागते, आणि सोडली तर पुष्कळांचं संरक्षण ओसरतं. परागकणांच्या उपचारात जी सहनशीलता मुरते ती इथे सहसा मुरत नाही.

पण ॲलर्जी जडायच्या आधीच गाठलं तर? २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली, ४ ते ११ महिन्यांची ६४० बाळं घेतली. निम्म्यांना शेंगदाण्याचे पदार्थ नियमित भरवले, निम्म्यांना पाच वर्षांची होईपर्यंत शेंगदाणा पूर्ण वर्ज्य केला. सुरुवातीची त्वचा-चाचणी निगेटिव्ह असलेल्या बाळांत पाचव्या वर्षी, वर्ज्य केलेल्यांपैकी १३.७ टक्क्यांना ॲलर्जी होती आणि खाणाऱ्यांपैकी १.९ टक्क्यांना. नंतर वर्षभर सगळ्यांचाच शेंगदाणा बंद करून पाहिला, तरी खाणाऱ्या गटातली ॲलर्जी लक्षणीय वाढली नाही. या मुलांच्या रक्तात शेंगदाण्याविरुद्धचं जे प्रतिपिंड वाढलेलं सापडलं, ते आयजीजी-४ च होतं.